ठेंगणी घोडी फळत नाही तेव्हा

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाडा घाटात सुटतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी धावते. स्वार तिच्या मानेवर ओणवा झालेला असतो आणि मागून धुळीचा लोट उडवत बारी येत असते. बैलांना वाट दाखवायची, वेगही द्यायचा आणि त्यांच्या शिंगांच्या टप्प्यात सापडायचे नाही, एवढे सगळे त्या लहानशा जनावराने काही सेकंदांत करायचे असते. 2014 साली या शर्यतींवर बंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यानंतर चाकण, मोशी, चिखली, भोसरी या भागात बैलांबरोबर घोडीही पुन्हा दावणीला दिसू लागली. बैलाची नावानिशी चर्चा होते, त्याच्या आईबापाची माहिती पोरांना पाठ असते. घोडीच्या पोटी काय निपजणार, याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही.

याच पट्ट्यात दुसऱ्या तऱ्हेच्याही घोड्या आहेत. लग्नाच्या वरातीतल्या आहेत, मुलांना फेरी मारायला ठेवलेल्या आहेत, आणि तळेगाव-मुळशीकडच्या फार्महाऊसच्या हिरवळीवर हौसेने पाळलेल्या अगदी बुटक्याही आहेत. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे आयाळीच्या शेवटच्या केसाशी मोजलेली उंची 34 इंचांच्या आत असेल तरच त्या घोड्याला मिनिएचर म्हणतात. शेटलंड तट्टाला 42 इंचांपर्यंत मुभा असते. आपल्याकडे बाजारात मात्र लहान दिसेल त्या घोड्याला मिनिएचर म्हटले जाते. म्हणून वंशावळीचा कागद असेल तर तो मागून घ्यावा. नसेल तर आपण काय विकत घेतो आहोत ते आपल्याला ठाऊक नाही, हे मनाशी स्पष्ट ठेवावे. पैदाशीच्या वेळी याच गोष्टीने पुढे फरक पडतो.

घोडी अंगाने चांगली, खाणेपिणे व्यवस्थित, घोडाही दाखवला, तरी ती उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. पुन्हा घोडा लावला, पुन्हा उलटली. अशा वेळी मालकापुढे तीनच उपाय येतात: घोडा बदला, ताकदीचे इंजेक्शन द्या, नाहीतर घोडी विकून टाका. तिन्ही उपायांत घोडीच्या गर्भाशयात काय चालले आहे हे पाहायचे राहूनच जाते. या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच की, न फळणारी ठेंगणी घोडी ही तपासणीची बाब आहे. ती तपासणी ठराविक क्रमाने केली तर पैसे वाचतात आणि बहुतेक वेळा उत्तरही हाती लागते. कधीकधी ते उत्तर ‘हिच्यापासून शिंगरू घेऊ नये’ असेही असते आणि तेही मानावे लागते.

गाईच्या बाबतीत पुणे जिल्हा नशीबवान आहे. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचनला बाएफची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेतमात्रा गोठ्याच्या दारापर्यंत पोहोचवल्या. आज चाकणजवळच्या कुठल्याही वाडीत गाय माजावर आली की फोन केल्यावर कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलवर येतो. घोडीला ही सोय नाही. गाईचे ठोकताळे घोडीला लावून भागत नाही आणि बरेच नुकसान नेमके तिथेच होते. गाईचा माज एका दिवसात आटोपतो, घोडीचा पाच ते सात दिवस चालतो. गाय वर्षभर माजावर येते, घोडी दिवसाच्या लांबीवर चालते. गाईत जुळे झाले तर बहुधा निभावते, घोडीत जुळे म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही शिंगरे गमावणे.

दिवसाच्या लांबीचे आधी पाहू. घोडीच्या मेंदूला अंधाराचे तास मोजता येतात. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवते आणि बीजांडाचे काम मंदावते. उत्तरेकडच्या थंड देशांत हिवाळ्यात घोड्या पूर्ण थांबतात. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. फरक कमी असल्याने आपल्याकडच्या काही घोड्या हिवाळ्यातही चक्र चालू ठेवतात, काही मात्र डिसेंबर-जानेवारीत अर्धवट माज दाखवतात आणि बीज सोडतच नाहीत. त्या दिवसांत चार वेळा घोडा लावला तरी फुकट जातो. मोसम लवकर आणायचा असेल तर 16 तास उजेड आणि 8 तास अंधार असे साधारण दोन महिने द्यावे लागते. औद्योगिक पट्ट्यात इथे एक गैरसमज होऊ शकतो. तबेल्याशेजारच्या कारखान्याचे दिवे रात्रभर जळतात, म्हणजे घोडीला उजेड भरपूर मिळाला, असे नाही. परदेशांतल्या प्रयोगांत सलग 24 तास उजेडाचा तसा उपयोग दिसला नाही. घोडीला अंधाराचाही हिशेब लागतो. रात्री आठ-नऊनंतर तबेल्यात खरोखर अंधार होतो का, हे मालकाने स्वतः जाऊन पाहावे.

हौसेने पाळलेल्या घोडीची दुसरी अडचण एकटेपणाची. आसपास घोडा नसेल तर काही घोड्या माजाची खूण दाखवतच नाहीत. घोडा समोर आणला की ती शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकवते, थोडे थोडे मुतते, योनीची चिरी उघडझाप करते. घोडा नसेल तर कान पाडून उभी राहते आणि मालक म्हणतो, ही माजावर येतच नाही. म्हणून एक दिवसाआड घोडा दाखवावा. मध्ये भक्कम आडवे लाकूड असावे, म्हणजे लाथ कोणाला लागत नाही. रोज काय दिसले ते वहीत तारखेसह लिहावे. एकवीस-बावीस दिवसांचे चक्र कागदावर उमटले की अर्धे कोडे सुटते. काही घोड्यांत बीज सुटल्यानंतर उरणारा पीतपिंड वेळेवर विरघळत नाही आणि दोन-दोन महिने माज येत नाही. त्यावर प्रोस्टाग्लँडिनचे एक इंजेक्शन पुरते. पण ते देण्याआधी घोडी गाभण नाही याची खात्री हवी, कारण याच औषधाने गाभडते. गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने ती बाटली हाताळूही नये.

बीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते. सुटल्यावर ते काही तासच टिकते. घोड्याचे शुक्रजंतू मात्र घोडीच्या अंगात दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त तग धरतात. त्यामुळे माजाच्या पहिल्याच दिवशी एकदा घोडा लावून मोकळे होणे हे अपयशाचे अगदी साधे कारण ठरते. सोनोग्राफीची सोय नसेल तर माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नकार देईपर्यंत, असा जुना रिवाज आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. ज्या घोडीचे गर्भाशय दुबळे आहे तिला मात्र हा रिवाज चालत नाही. तिला एकाच वेळी, अगदी नेमक्या दिवशी घोडा लावावा लागतो. असे का, ते आता पाहू.

प्रत्येक संयोगानंतर घोडीच्या गर्भाशयाला सूज येते. घोडा रेत थेट गर्भाशयात सोडतो आणि त्याबरोबर घाण, जंतू, मेलेले शुक्रजंतू असे सगळे आत जाते. निरोगी घोडीचे गर्भाशय आकुंचन पावून हा गाळ दोन दिवसांत बाहेर टाकते. काही घोड्यांना ते जमत नाही. वय झालेले असते, आधी पिल्ले झालेली असतात, गर्भाशय पोटात खाली लोंबते किंवा त्याचे तोंड नीट उघडत नाही. मग पाणी साचते, त्यात जंतू वाढतात, आणि पाच-सहा दिवसांनी गर्भ गर्भाशयात उतरतो तेव्हा त्याला तिथे जगता येत नाही. मालकाला वाटते घोडी फळलीच नाही. खरे तर ती फळलेली असते, गर्भ आठवडाभरात गेलेला असतो. अशा घोडीला पुन्हा पुन्हा घोडा लावणे म्हणजे पुन्हा पुन्हा तीच सूज आणणे. तिला एकदाच घोडा लावावा, चार ते आठ तासांनी गर्भाशय निर्जंतुक सलाईनने किंवा रिंगर लॅक्टेटने धुवावे आणि ऑक्सिटोसिन देऊन पाणी बाहेर काढावे. शुक्रजंतू चार तासांत बीजवाहिनीत पोहोचलेले असतात, त्यामुळे धुण्याने ते जात नाहीत. मोठ्या घोडीला एका वेळी लिटरभर द्रावण सोडतात. बुटक्या घोडीला त्याहून बरेच कमी लागते आणि औषधाचे प्रमाणही वजन करून ठरवावे लागते. नजरेच्या अंदाजाने दिलेले औषध शंभर किलोच्या जनावराला सहज जास्त होते.

प्रतिजैविकांचा विषय निघाला की पिंपरीचे नाव येणारच. सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 मध्ये इथे उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलीन बाहेर पडू लागले. घोडीच्या गर्भाशयात सर्वांत जास्त सापडणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूवर पेनिसिलीन आजही चालते. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले. या दोन औषधांच्या क्रमातच घोडीसाठी एक इशारा आहे. नमुना न तपासता एकामागून एक प्रतिजैविके गर्भाशयात सोडली की जंतू मरतात आणि त्यांची जागा कँडिडा किंवा अॅस्परजिलससारखी बुरशी घेते. बुरशीचा दाह जंतूंच्या दाहापेक्षा फार चिवट असतो. दाट आयोडीन गर्भाशयात सोडण्याची चाल तर पूर्ण बंद व्हायला हवी. त्याने अस्तर भाजते, व्रण पडतात, भिंती एकमेकींना चिकटतात आणि बरी होऊ शकणारी घोडी कायमची वांझ होते. आधी माजाच्या सुरुवातीला गर्भाशयातला स्राव घ्यायचा, त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दबतो हे प्रयोगशाळेने सांगायचे, मग औषध द्यायचे. यात सहा-सात दिवस जातात. तेवढे दिवस थांबायची तयारी हवी.

बाहेरून दिसणारे एक कारण मात्र तबेल्यातच कळते. शेपटी उचलून मागून नीट पाहावे. गुदद्वार आत ओढले गेले असेल, योनीची चिरी उभी नसून तिरकी झाली असेल, तर लीद थेट चिरीवर पडते आणि चालताना हवा आत ओढली जाते. रोडावलेल्या आणि वयस्क घोडीत हे हमखास दिसते. अमेरिकेतले डॉ. कॅस्लिक यांनी 1937 साली यावर चिरीचा वरचा भाग शिवून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया सांगितली आणि आजही तीच केली जाते. शिंगरू होण्याआधी टाका उघडायचा विसर पडला तर घोडी फाटते, म्हणून त्याची तारीखही वहीत हवी.

आता सर्वांत विलक्षण भाग. घोडीच्या बीजवाहिनीतून न फळलेले बीज सहसा खाली येतच नाही, ते तिथेच अडकून राहते आणि विरते. फळलेला गर्भ मात्र स्वतः एक प्रोस्टाग्लँडिन सोडतो, त्याने वाहिनी सैल होते आणि सहाव्या दिवशी तो गर्भाशयात उतरतो. तिथेही तो लगेच चिकटत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयाच्या एका शिंगातून दुसऱ्या शिंगात, पुन्हा मागे, असा दिवसातून अनेकदा फिरतो आणि जाईल तिथे आपण आलो असल्याची दवंडी पिटतो. गर्भाशयाच्या प्रत्येक भागाला ती ऐकू आली तरच पीतपिंड टिकतो आणि घोडी गाभण राहते. वाटेत पाण्याचे तळे असेल, मोठी गाठ असेल, व्रणांनी शिंग अर्धे बंद झाले असेल, तर गर्भाची फेरी अपुरी पडते आणि गर्भाशय त्याला बाहेर काढते. घोडीत गर्भाशयाच्या भिंतीची अवस्था एवढी महत्त्वाची का, ते यावरून कळते.

हे सगळे पाहायला गुदमार्गातून सोनोग्राफी लागते. फ्रान्समध्ये पामर आणि द्रियांकूर यांनी 1980 मध्ये घोडीत ती वापरून दाखवली आणि घोड्यांच्या पैदाशीचे चित्रच बदलले. ठेंगण्या घोडीत अडचण इथेच येते. मोठ्या घोडीत डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालू शकतो. 34 इंची घोडीत कित्येक पुरुष डॉक्टरांची मूठही जात नाही. गुदाशयाची भिंत फाटली तर घोडी वाचणे कठीण. म्हणून यंत्राचा सळईवर बसवलेला लांबट शोधक वापरतात. आधी लीद हलक्या हाताने काढतात, भरपूर वंगण घालतात, गरज पडली तर गुंगीचे औषध देतात, आणि जोर लागला की थांबतात. खोडा गाईच्या मापाचा असेल तर घोडी खालून निसटते किंवा मध्येच बसते. तिच्या मापाचा लाकडी खोडा गावातला सुतार एका दिवसात करून देतो. पडद्यावर काळ्या गोल पोकळ्या दिसतात, त्या बीजपुटी. मोठ्या घोडीत बीज साधारण 40 मिलिमीटरच्या पुटीतून सुटते. बुटक्या घोडीत पुटी थोडीच लहान असते, शरीराच्या मानाने ती मोठीच म्हणायची. गर्भाशयाच्या भिंतीला सूज असेल तर आडव्या छेदात घड्या उमटलेल्या दिसतात. माजात त्या असायलाच हव्यात, बीज सुटल्यावर मात्र जायला हव्यात. पोकळीत काळे पाणी असेल तर ते तेव्हाच दिसते. लहान हाताच्या महिला डॉक्टरांना या कामात खरा फायदा आहे आणि आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतून आता मुली मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत, ही या ठेंगण्या जनावरांसाठी चांगलीच गोष्ट आहे.

घोडा लावल्यानंतर चौदाव्या ते सोळाव्या दिवसाची सोनोग्राफी चुकवू नये. दोन गर्भ दिसले तर अनुभवी डॉक्टर त्या टप्प्यावर एक गर्भ दाबून जिरवतो आणि दुसरा वाचतो. पस्तिसाव्या दिवसानंतर मात्र वाट अवघड होते. त्या सुमारास गर्भाच्या आवरणातल्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथे पेल्यासारख्या गाठी तयार होतात. त्यांतून निघणारे संप्रेरक कोल आणि हार्ट यांनी 1930 मध्ये गाभण घोडीच्या रक्तात शोधले. पुढे तेच गाई-मेंढ्यांना माजावर आणण्यासाठी जगभर वापरले गेले. गर्भ मेला तरी या गाठी चौथ्या महिन्यापर्यंत काम करत राहतात आणि तोवर घोडी धड माजावर येत नाही. एक चुकलेली तपासणी अशी आख्खा मोसम घालवते. घोड्याच्या रक्ताची पिंपरीला ओळख आहे ती वेगळ्या कारणाने. हाफकिन या औषधे बनवणाऱ्या संस्थेच्या इथल्या तबेल्यातल्या घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे औषध बनते. शेतात साप चावलेल्या किती माणसांचा जीव या जनावरांनी वाचवला आहे! त्यांच्या प्रजननाकडे आपण इतके दुर्लक्ष करावे, हे मला पटत नाही.

आता आकाराचा प्रश्न, कारण मिनिएचर घोडीच्या मालकाची खरी भीती तीच असते: शिंगरू अडले तर? केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड यांनी 1938 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर ही हत्तीसारखी अवजड जात आणि शेटलंड हे तट्टू, यांचा दोन्ही बाजूंनी संकर त्यांनी कृत्रिम रेतनाने घडवला. बाप शायर आणि आई शेटलंड असताना शिंगरू जन्मतः शेटलंडच्या शिंगराएवढेच झाले. आई शायर आणि बाप शेटलंड असताना ते जवळजवळ तिप्पट वजनाचे झाले. दोन्हीकडे रक्त अर्धे-अर्धेच होते. पोटातली वाढ किती होऊ द्यायची हे आईच्या गर्भाशयाने ठरवले. याचा अर्थ घोडीला कितीही मोठा घोडा चालेल, असा मात्र काढू नये. मोठ्या घोड्याच्या संयोगाने लहान घोडीच्या योनीला इजा होते. शिवाय बुटक्या जातींत शिंगराचे कपाळ घुमटासारखे पुढे आलेले असते आणि अंगाच्या मानाने डोके मोठे असते, त्यामुळे अडण्याचे प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त आहे. घोडा घोडीपेक्षा उंच नसावा आणि त्याचे डोके लहान, निमुळते असावे.

खुजेपणाचा धोका आणखी आत दडलेला आहे. एसीएएन नावाच्या जनुकाच्या एकाच प्रतीत बिघाड असलेले घोडे दिसायला सुदृढ असतात. असे दोन घोडे एकत्र आले तर चारातले एक शिंगरू वाकड्या पायांचे, चेपलेल्या जबड्याचे, श्वासाला धापणारे जन्मते, आणि काही वेळा गर्भ दिवस भरण्याआधीच पडतो. वारंवार गाभडणाऱ्या मिनिएचर घोडीच्या तपासणीत म्हणूनच या जनुकाची चाचणी हवी. ती केसांच्या मुळांवरून होते. सर्वांत लहान तेच सर्वांत सुंदर, या हौसेने ही जात जगभर दुबळी झाली आहे. आपण तोच रस्ता धरू नये. आपल्या भीमेच्या खोऱ्यात तर काटक, ठेंगणा घोडा आधीपासून आहे. मराठ्यांच्या घोडदळात नाव कमावलेली आणि धनगरांच्या तांड्याबरोबर आजही ओझे वाहणारी भीमथडी जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. लहान घोडा हौसेने पाळायचा असेल तर माझे मत भीमथडीच्या बाजूने आहे.

एवढे करूनही काही घोड्या फळत नाहीत. मग गर्भाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केनी आणि डॉइग यांनी 1986 मध्ये त्याच्या प्रती ठरवल्या. पहिल्या प्रतीच्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता 80 ते 90 टक्के असते आणि शेवटच्या प्रतीच्या घोडीला 10 टक्क्यांहून कमी. अस्तरात तंतू वाढले असतील तर ते परत मऊ करणारे औषध नाही. अशा घोडीचे बीज चांगले असेल तर एक वाट उरते, गर्भ प्रत्यारोपणाची. मे 2023 मध्ये बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या आवारात ‘राज-प्रथमा’ नावाचे मारवाडी मादी शिंगरू या पद्धतीने जन्मले. गर्भ एका घोडीचा होता आणि तो वाढला दुसऱ्या घोडीच्या पोटात. जन्मतः वजन 23 किलो होते. अशी सोय पुणे परिसरातल्या सामान्य मालकाच्या आवाक्यात अजून आलेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला आणि पैदास केंद्रासाठी 50 लाखांपर्यंत 50 टक्के भांडवली अनुदान ठेवले. बाएफने गाईसाठी जे केले ते घोडीसाठी कोणी तरी या जिल्ह्यात करावे, असे मला मनापासून वाटते.

घोडी गाभण राहिली म्हणजे काळजी संपली असे नाही. लाडाने गूळ-हरभरा खाऊन लठ्ठ झालेली बुटकी घोडी शेवटच्या तीन महिन्यांत काही कारणाने खायची थांबली, तर अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते. अशा घोडीचे रक्त काचेच्या नळीत काही वेळ ठेवले तर वरचा थर दुधासारखा पांढरा दिसतो. यकृत निकामी होते आणि चार-पाच दिवसांत घोडी दगावते. गाभण ठेंगणी घोडी एक दिवस जरी उपाशी राहिली तरी डॉक्टरांना बोलवावे. वजन कमी करायचे तर ते घोडा लावण्याआधी, सावकाश, चालवून करावे. गाभणपणात उपास घडवू नये. डासमाश्यांचा बंदोबस्तही हवा, कारण गोमाशीने पसरणाऱ्या सर्रा या रोगाने घोडी गाभडते. बाहेरचा घोडा आणण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली असलीच पाहिजे. तो रोग माणसालाही होतो.

अकरा महिन्यांच्या आसपास, बहुतेक वेळा रात्री, घोडी विते. ठेंगण्या घोड्या मोठ्यांपेक्षा काही दिवस आधी वितात. कळा जोरात सुरू झाल्या की वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे. आधी पांढरी पिशवी न दिसता मखमलीसारखी लाल पिशवी दिसली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा डॉक्टरची वाट न पाहता ती पिशवी तिथल्या तिथे फाडावी. एका तासात शिंगराने उभे राहावे, दोन तासांत कासेला लागावे, तीन तासांत वार पडावी. घोडीची वार रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातल्या पिल्लाला पोहोचवत नाही. चीक हाच त्याचा एकमेव आधार असतो आणि पहिल्या काही तासांनंतर आतडे तो घेईनासे होते.

तुमची घोडी दोन मोसम उलटली असेल तर तिसऱ्यांदा घोडा लावण्याआधी तिचा स्राव तपासून घ्या. पिंपरी-चिंचवडला लागूनच औंधला पशुसंवर्धन खात्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे, सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जवळच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आधी बोला, माजाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच नमुना काढून घ्या, आणि तारखांची वही बरोबर न्यायला विसरू नका.